मांडव, ताटी आणि जाळी



आजच्या व्याख्यानाचा विषय छापून आला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "वेलीच्या मांडवावर तासभर काय बोलणार? चार काठ्या, दोन तारा आणि थोडी सुतळी, झाले व्याख्यान!" त्यांना आम्ही एवढेच म्हणालो की, ज्या मांडवात बसून तुम्ही ते ऐकणार आहात त्याचाही विचार त्यात येईल. आमचे स्नेही आज आलेले दिसत नाहीत. त्यामुळे आम्हाला थोडे मोकळेपणाने बोलता येईल.

'मांडव' हा शब्द संस्कृत 'मंडप' ह्यापासून आला हे आपण जाणताच. पण मराठीने त्याला जो संसार दिला तो संस्कृतात नव्हता. देवळापुढे असतो तो सभामंडप, तो दगडाचा आणि कायमचा. दारापुढे असतो तो मांडव, तो काठ्यांचा आणि चार दिवसांचा. कारल्याचा मांडव, जाईचा मांडव, लग्नाचा मांडव, गणपतीचा मांडव, सगळ्यांना एकच शब्द. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवतात, ती मुहूर्तमेढ. 'मेढ' म्हणजे खांब. आज एखाद्या कारखान्याची किंवा महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली असे वर्तमानपत्रात येते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोनशिला असते, फीत असते, कात्री असते. खांब मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे नसतो. ज्या समाजाने 'आरंभ' ह्या कल्पनेसाठी मांडवाचा पहिला खांब उचलला, त्याने किती मांडव घातले असतील ह्याचा अंदाज करावा.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की उरुळी कांचन मागे पडल्यावर यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. गाव दौंड तालुक्यातले. दक्षिणेला भुलेश्वराचा डोंगर, उत्तरेला मुळामुठेचे खोरे, आणि मधून लोहमार्ग व महामार्ग. कालव्याने आणि विहिरींनी ह्या पट्ट्याला ऊस दिला. उसाच्या हिरव्या भिंतींमधून मध्येच एखादा कारल्याचा नाहीतर दोडक्याचा मांडव दिसतो. वैशाखाच्या उन्हात रस्त्यावरून येऊन त्या मांडवात शिरावे. बाहेर डोळे दिपत होते; आत हिरवट, गार, मातीचा ओला वास असलेला उजेड. डोक्यावर कारली लोंबत असतात, आणि उभ्या माणसालाही थोडी मान लववावी लागते.

अशाच एका मळ्यात एक वृद्ध बाई तोडणी करीत होत्या. आम्ही सहज विचारले, "आजी, हा मांडव कुणाच्या मापानं घातलाय?"

"माज्या," त्या म्हणाल्या. "हात वर केला आन् म्हनलं, मनगाट लागंल तिथं तार मारा. आधी ल्योकाच्या मापाचा व्हता. रोज टाचा उचलून उचलून रातच्याला पोटऱ्या भरून यायच्या. ल्योक काय तोडणीला येतोय व्हय, मास्तर?"

आम्ही पुष्कळ पत्रके आणि पुस्तके चाळली आहेत. मांडवाची उंची सहा फूट, साडेसहा फूट, असे आकडे त्यांत असतात, आणि ते चुकीचे नाहीत. खालून वारा खेळला पाहिजे, माणसाला वावरता आले पाहिजे, फळ जमिनीपासून दूर लोंबले पाहिजे. पण तोडणी करणारे हात बहुधा बायकांचे, आणि त्या पाच फूट उंचीच्या, हे कोणत्या पत्रकात आहे? तोडणी दिवसाआड चालते, हंगामभर चालते. सहा इंचांनी उंच घातलेला मांडव म्हणजे हंगामभर टाचा उचलणे. वस्तू कोणाच्या मापाने करायची, हा प्रश्न खुर्चीपासून कायद्यापर्यंत सगळीकडे येतो. कासुर्डीच्या त्या मळ्यात तो एका मनगटाने सुटला होता.

आता मांडवावर चढणाऱ्या वेलीकडे वळू. वेल म्हणजे आळशी झाड, असा एक समज आहे: स्वतःचे खोड पोसायचे नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर बसायचे. हा अन्याय आहे. लाकूड करण्यात झाडाची जी शक्ती जाते ती वाचवून वेल लांबी आणि पाने वाढवते. त्यासाठी तिला जे कौशल्य लागते ते ताठ उभ्या झाडाला लागतच नाही. चार्ल्स डार्विनने आजारपणात अंथरुणाला खिळून असताना कुंडीतल्या वेली तास न् तास न्याहाळल्या, आणि त्यांवर १८६५ साली एक दीर्घ निबंध लिहिला. पुढे १८७५ साली तो पुस्तकरूपाने निघाला. ज्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच हे वर्ष. हा निव्वळ योगायोग, पण सांगण्याचा मोह आवरत नाही.

डार्विनला दिसले ते असे. घेवड्याचा कोवळा शेंडा स्वस्थ नसतो. तो हवेत वर्तुळे काढीत फिरतो, आधार चाचपतो, आणि आधार मिळाला की त्याच वर्तुळाने त्याला विळखे घालीत वर जातो. वरून पाहिले तर बहुतेक वेली घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चढतात, आणि घेवडा त्यांतलाच. हौशी माणूस पुष्कळदा घेवड्याचा शेंडा उलटा गुंडाळून, सुतळीने बांधून, समाधानाने झोपायला जातो. सकाळी पाहतो तो शेंडा सुटून आपल्या मूळ दिशेला वळलेला. वेलीला शिस्त लावण्याआधी तिची शिस्त कोणती आहे ते पाहावे लागते.

कारले, दोडका, काकडी आणि द्राक्ष ह्यांची रीत निराळी. त्यांना तणावे असतात, म्हणजे सुतासारखे बारीक हात. तणावा काठीला टेकला की थोड्याच वेळात त्याला वेढा घालतो. खरी मौज त्यानंतरची. पकड घट्ट झाली की उरलेला तणावा स्प्रिंगसारखा वळतो आणि वेलीला आधाराजवळ ओढून घेतो. दोन्ही टोके बांधलेली असताना दोरीला एकाच दिशेने वळता येत नाही, तिला पीळ बसेल. म्हणून तणाव्याचा अर्धा भाग एका दिशेने वळतो, मध्ये थोडा सरळ राहतो आणि उरलेला अर्धा उलट दिशेने वळतो. घरी जाऊन कोणत्याही कारल्याच्या वेलीवर हे पाहून घ्यावे. त्याला भिंगही लागत नाही. वादळात ह्याच स्प्रिंगा ताणतात, सैल होतात, पुन्हा ताणतात, आणि वेल तुटत नाही. ज्या ठिकाणी आपण तिला सुतळीने करकचून आवळलेले असते, नेमकी त्या ठिकाणी ती तुटते.

तिसरी जात नागवेलीची आणि मिरवेलीची. त्यांना पेरापेराला मुळ्या फुटतात आणि त्या खरखरीत सालीला धरतात. चौथी बोगनवेलीची नि चढत्या गुलाबाची. हे खरे म्हणजे चढत नाहीतच. काटे अडकवून दुसऱ्याच्या अंगावर रेलतात, आणि आपण त्यांना बांधले नाही तर खाली कोसळतात.

एवढे कळले की अर्धे मांडवशास्त्र कळले. तणाव्याच्या वेलीला बोटाहून बारीक आधार हवा: तार, सुतळी, बारीक कामट्या. तिच्यापुढे चार इंची लोखंडी खांब उभा केला तर ती त्याच्या पायाशी गोळा होऊन बसते. पीळ घालून चढणाऱ्या घेवड्याला उभी काठी हवी. आडव्या तारांचे त्याला काही सुख नाही. मुळ्यांनी चढणाऱ्या नागवेलीला गुळगुळीत नळी आणि प्लॅस्टिकची जाळी दोन्ही निरुपयोगी. आणि बोगनवेलीला नाजूक जाळी द्यावी तर दोन वर्षांत तिच्या वजनाने जाळी वाकते, मग जाळीने वेलीला धरले आहे की वेलीने जाळीला, हे कळेनासे होते. शहरात आम्ही सुंदर सुंदर जाळ्या पाहतो: पांढऱ्या रंगाच्या, चौकटीच्या, दुकानातून तयार आणलेल्या. त्यांच्या पायाशी एक केविलवाणी वेल आडवी पडलेली. दोष वेलीला दिला जातो. माळ्यालाही दिला जातो. दुकानदार तेवढा सुटतो.

आता थोडे गणित. श्रोत्यांनी घाबरू नये, ते दोन वाक्यांत संपेल. समजा, २० फुटांच्या अंतरावर दोन डांब आहेत, मध्ये एक तार ओढली आहे, आणि तारेच्या मधोमध १० किलो वजन टांगले आहे. तार मध्ये एक फूट खाली आली तर प्रत्येक डांबावर सुमारे ५० किलोंचा ओढा बसतो. आणि ती आणखी ताणून झोळ अर्ध्या फुटावर आणला, तर ओढा सुमारे १०० किलोंचा होतो. वजन तेवढेच आहे, १० किलो! तार जितकी सरळ आणि देखणी, तितका टोकाच्या डांबांवरचा भार जास्त. नवखा शेतकरी तार सतारीसारखी वाजेपर्यंत ताणतो. जाणता माणूस थोडा झोळ राखतो, आणि कडेच्या डांबाला बाहेरून तिरका ताण देऊन तो जमिनीत पुरलेल्या दगडाशी बांधतो. मांडव कोसळतो तो बहुधा मधून नव्हे, कडेने कोसळतो. पाऊस पडून पाने भिजली, फळ ऐन भरात आले, आणि वारा सुटला, की सगळ्या मांडवाचा भार कडेच्या डांबांवर जातो. त्यांतला एक उपटला की शेजारच्या तारा सैल होतात, त्यांचा भार पुढच्यावर जातो, आणि बघता बघता सबंध बाग जमिनीवर येते. माणसांच्या संस्थांतही कडेला उभी राहून ताण घेणारी माणसे अशीच असतात आणि समारंभात त्यांची नावे कोणी घेत नाही. पण तो आजचा विषय नव्हे.

ह्या गणिताची खरी किंमत द्राक्षबागाइतदाराला कळते. महाराष्ट्रात द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने नोंदवले आहे. आजही आपल्याकडे द्राक्षाची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मात्र फळ एकदाच घेतात. पूर्वी नाशिकच्या बागांत भोकरी, फकडी, पंढरी साहेबी ह्या जाती असत आणि वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. पांगारा जमिनीत रोवला की त्याला पालवी फुटते, म्हणजे आधारही जिवंत! पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉक्टर चीमा ह्यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून जी जात काढली ती 'चीमा साहेबी' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे बिनबियांचे थॉमसन द्राक्ष आले, तासगावकडच्या बागाइतदारांनी त्यातूनच 'तास-ए-गणेश' निवडली, आणि खुंट जाऊन लोखंडी अँगल व तारांचे मांडव आले. १९९७ साली मांजरीला, म्हणजे आपल्या ह्याच सोलापूर रस्त्यालगत, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

मांडवाचा मोठा गुण असा की, पानांचे छत वर राहते आणि घड सावलीत लोंबतात. आपल्याकडचे ऊन युरोपातले नव्हे, उघड्यावरचा घड भाजून निघतो. पण ज्या छताने ऊन अडते त्याच छताखाली दमट हवाही कोंडते आणि रोग पसरतो. म्हणून अलीकडे पुष्कळांनी 'वाय' अक्षराच्या आकाराचा आधार स्वीकारला आहे. दोन्ही बाजूंना फांद्या पसरतात, वरून फट राहते, वारा खेळतो, फवारणी आतपर्यंत पोचते. दोहोंत श्रेष्ठ कोणता ह्यावर बागाइतदारांत जे वाद होतात ते आम्ही ऐकले आहेत. साहित्य संमेलनातले वाद त्यांपुढे फिके. आमचे मत विचाराल तर जमीन, पाणी आणि जात पाहिल्याशिवाय ह्यावर मत देऊ नये.

मात्र एक गोष्ट वादापलीकडची आहे. मांडवाचा खर्च वेल हातभर असतानाच करावा लागतो आणि फळ त्यानंतर दीड-दोन वर्षांनी येते. तोवर कर्जाचे व्याज मात्र दर महिन्याला फळते. आणि २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तशी गारपीट तोडणीच्या तोंडावर आली की त्या तारांवर द्राक्षांबरोबर एका घराची सगळी शाश्वती लोंबत असते. बाजारात द्राक्षाचा भाव करताना हे आठवावे असे आम्ही म्हणत नाही. भाव करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण 'द्राक्षवाले श्रीमंत असतात' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एकदा मांडवाखाली उभे राहून वर पाहावे.

नागवेलीच्या पानमळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे मांडव नसतो. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशी भराभर वाढणारी झाडे लावून त्यांवर वेल चढवतात. ही झाडे आधारही देतात आणि सावलीही देतात. वेल लव्हाळ्याने अलगद बांधतात. ती शेंड्याला पोचली की दरवर्षी खाली उतरवून तिचे वेटोळे मातीत पुरतात आणि ती पुन्हा नव्या जोमाने चढते. शिखराला पोचलेल्याला खाली आणून मातीत बसवायचे आणि त्यातच त्याचे भले असायचे, हा न्याय पानमळ्याबाहेर कुठे चालतो की नाही ते आम्हाला ठाऊक नाही.

मांडवाचे धाकटे भावंड म्हणजे ताटी. शेतकरी आजही वेलवर्गीय भाज्यांच्या लागवडीत 'मंडप पद्धत' आणि 'ताटी पद्धत' असा भेद करतात. मांडव आडवा, छतासारखा; ताटी उभी, कुडासारखी. ताटीला खर्च कमी, लाकूड कमी, दोन्ही बाजूंनी तोडणी करता येते, आणि तिच्या ओळी दक्षिणोत्तर ठेवल्या म्हणजे सकाळचे ऊन एका अंगाला आणि दुपारचे दुसऱ्या अंगाला मिळते. थोडी जमीन आणि थोडे भांडवल असलेल्यास आम्ही ताटीच सांगू.

पण 'ताटी' म्हटले की मराठी माणसाच्या कानात दुसरेच काही वाजते. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग! लोकांच्या बोलण्याने मन दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून ती उघडण्यासाठी त्यांची विनवणी केली, अशी परंपरेने सांगितलेली कथा. ही ताटी म्हणजे काठ्या-कामट्यांचे विणलेले दार. आम्ही ह्या कथेचा विचार करतो तेव्हा नेहमी एक गोष्ट मनात येते. ते दार जाड फळ्यांचे आणि लोखंडी अडसराचे असते, तर बहिणीचा आवाज आत पोचला असता का? ताटी माणसाला अडवते, वाऱ्याला आणि शब्दाला अडवत नाही. आतल्याने ती लावून घेतली तरी बाहेरच्याशी त्याचा संबंध पुरता तुटत नाही. ज्याला खरोखरच कोणाचे ऐकायचे नसते तो ताटी लावून बसत नाही; तो निघून जातो. शेतातली ताटी आणि आळंदीची ताटी ह्यांना भाषेने एकच नाव ठेवले, त्यात कारागिरीचे साम्य आहेच. पण आमच्या मनाने त्याहूनही काही अधिक आहे.

जाळीची गोष्टही ह्याच जातीची. आपल्याकडे कार्ले, भाजे, बेडसे येथल्या लेण्यांत दगडाच्या भिंतींवर वेदिकेची, म्हणजे काठ्यांच्या कठड्याची, नक्षी कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो पाथरवट सुताराच्या कुंपणाची नक्कल करीत होता. पुढे दगड आरपार कोरण्याची कला भरास आली. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, बीबी का मकबरा आहे. सतराव्या शतकात बांधलेल्या त्या इमारतीत कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. दुपारी उन्हाचे तुकडे त्या जाळीतून जमिनीवर पडतात आणि हळूहळू सरकतात. तिथून जवळच खुलदाबादेस औरंगजेबाची कबर आहे, उघडी, मातीची. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी त्याने केलेली नव्हे. ती लॉर्ड कर्झनच्या काळात उभी राहिली. बादशहाला जे नको होते ते व्हाइसरॉयला हवे होते.

जाळीचे मर्म उजेडाच्या फरकात आहे. दिवसा आत अंधार आणि बाहेर उजेड. म्हणून आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की सगळे उलट होते. जुन्या वाड्यांतून दिवाणखान्याच्या वरच्या अंगाला लाकडी जाळ्या असत, त्यांच्याआड बसून बायका कीर्तन ऐकत, गाणे ऐकत, कधी पुरुषांच्या मसलतीही ऐकत. ह्या जाळ्यांच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले जाते, आणि ते सौंदर्य आम्हालाही दिसते. पण जाळीचे गुणगान करताना ती कोणत्या बाजूने पाहतो आहोत हे विसरता कामा नये. वाऱ्याला वाट द्यायची, उन्हाची तिरीप मोडायची, एवढे काम करणारी जाळी आणि माणसाला ऐकू द्यायचे पण बोलू द्यायचे नाही असे काम करणारी जाळी, ह्या दोन्ही एकाच सुताराने एकाच पटाशीने केलेल्या असत. आज ह्या मांडवात पुढच्या रांगांत ज्या भगिनी बसल्या आहेत, आणि व्याख्यान संपल्यावर ज्या उभ्या राहून प्रश्न विचारणार आहेत, त्यांच्या खापरपणज्यांनी कदाचित जाळीआडून पुराण ऐकले असेल. पहिली जाळी ठेवावी, दुसरी मोडावी. मोडली हे उत्तमच झाले. दुःख एवढेच की मोडताना आम्ही पहिलीही मोडली आणि तिच्या जागी काच बसवली.

काच उजेड घेते आणि उष्णता कोंडते. मग पडदा लावतो, मग पंखा, मग वातानुकूल यंत्र. लॉरी बेकर ह्या मूळच्या इंग्रज वास्तुशिल्पज्ञांनी केरळात साध्या विटांच्या जाळ्या करून दाखवल्या. विटा एकमेकींपासून थोडे अंतर सोडून रचायच्या. विटा कमी लागतात, गिलावा लागत नाही, खिडकीची चौकट लागत नाही, आणि वारा दिवसभर वाहतो. जिन्याला, गच्चीच्या कठड्याला, स्वयंपाकघराच्या वरच्या अंगाला अशी जाळी दौंड-शिरूरसारख्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात का नसावी? धूळ येते, असा आक्षेप येईल. येतेच. झाडू स्वस्त असतो.

आता शहरात राहणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही आपली रजा घेऊ.

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडते, हे आपण सगळे ह्या दिवसांत भोगतोच. त्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून ताटी उभी करावी. भिंतीला चिकटवू नये. मध्ये वारा हवा, आणि ओलीने भिंत बिघडू नये. तिच्यावर दोडका, घोसाळे किंवा कारले चढवावे. मात्र उन्हाळा सुरू झाल्यावर, एप्रिलात, घाईने बी लावू नये. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लावावे, म्हणजे ऐन उन्हात पानांचा पडदा तयार असतो. ह्या वर्षीची वेळ गेली. पुढच्या वर्षीची दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी. तोवर जूनमध्ये पावसाळी लागवड करता येईल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'हिरकणी' किंवा 'फुले ग्रीन गोल्ड' ह्या कारल्याच्या जाती आपल्याकडे चांगल्या येतात. कुंडी मोठी हवी, निदान बादलीएवढी. चहाच्या डब्यात दोडका होत नाही, कितीही प्रेमाने पाणी घातले तरी. उघडी लोखंडी तार दुपारी तापते, तिला सुतळी गुंडाळावी. बारीक नायलॉनची जाळी शक्यतो टाळावी. तिच्यात पाखरे आणि क्वचित धामणही अडकते, आणि हंगाम संपल्यावर वाळलेल्या वेलीतून ती सोडवता येत नाही, सगळे मिळून कचऱ्यात जाते. सुतळी कुजते, हा तिचा दोष नसून गुण आहे. वेलीसकट तिचे खत होते.

गॅलरीत जागा दोनच हात असेल तर जाईजुईचा नाद सोडून घेवडा लावावा. उभ्या चार काठ्या पुरतात. आणि शेंडा कोणत्या दिशेने फिरवायचा ते आपल्याला आता ठाऊक आहे.

वेल वाळू लागली की ती ओढून काढू नये. बुडाशी कापून आठवडाभर तशीच ठेवावी. तणावे ठिसूळ झाले की ती आपोआप सुटते आणि सुतळ्या तुटत नाहीत. त्याआधी एक चांगले घोसाळे वेलीवरच ठेवून द्यावे. ते पिवळे पडेल, मग तपकिरी होईल, आणि हलवले की आत खुळखुळेल. साल काढली की आतल्या धाग्यांची जाळी आंघोळीला घासायला होते, आणि तिच्यातून झटकून निघालेले काळे बी पुढच्या जानेवारीसाठी कोरड्या डबीत ठेवता येते. एका घोसाळ्यात ते शेजारच्या चार घरांना वाटण्याइतके निघते.